दोन महिन्यांची मुदत

ताईंनी वहीवर पेन टेकवून विचारलं, "शेवटचे ते घराबाहेर कधी गेले होते?"

आईनं विचारसुद्धा न करता सांगितलं, "कर्फ्यू लागला होता ना, तेव्हापासून नाही."

हे माझ्या थोरल्या भावाविषयी चाललं होतं. तो पलीकडच्या खोलीत होता. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणजे त्यालाही ते ऐकू जात असणार. त्याला साठावं लागलं होतं, आईला चौऱ्याऐंशी. दीड महिन्यापूर्वी ती न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी "घरी करायला कोण आहे?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "थोरला आहे, पण तो बाहेर येत नाही." डॉक्टरांनी त्यावर आणखी चार प्रश्न विचारले. इतक्या वर्षांत ते आम्हाला कुणी विचारले नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून या ताई आल्या होत्या. घरात कोंडून घेतलेल्या माणसांकडं आणि त्यांच्या घरच्यांकडं जाणं, हे त्यांचं काम. आईचं हाड मोडलं नसतं तर त्या आल्या नसत्या.

आईचं उत्तर चुकीचं होतं. तिच्या मनात ती सगळी वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, तिचा दोष नाही. मला मात्र खरं उत्तर माहीत होतं. मी काही बोललो नाही आणि ताईंनी आईनं सांगितलं तसं लिहून घेतलं.

आई ज्या दिवसांविषयी बोलत होती त्या दिवसांत आमच्या शहराला बंद, मोर्चे आणि कर्फ्यूची सवय होऊन गेली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न धुमसत होता. आमची गल्ली औरंगपुऱ्यामागची. घरं बहुतेक कारकुनांची, मास्तरांची, भिक्षुकांची. ओट्यावरचं बोलणं एकाच बाजूचं असायचं, आणि ते ऐकवत नाही असं व्हायचं. मी मात्र ते ऐकायचो, कधी कधी हसायचोही. दादा ओट्यावर बसायचा नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तो वाळूजला एका कारखान्यात लागला होता. वाळूज तेव्हा दर महिन्याला वाढत होतं. पत्र्याच्या शेड, खडीचे ढीग आणि तीन पाळ्यांच्या बस. पहिल्या पाळीची त्याची बस सकाळी चौकात यायची. आमच्या घराण्यात यंत्रावर हात चालवणारा तो पहिलाच. वडील कचेरीतले. त्यांना त्याच्या नखांत अडकलेल्या ग्रीसचंही कौतुक होतं.

एका बंदच्या दिवशी त्यांची बस रस्त्यात अडवली गेली. आत चढलेल्यांनी एकेकाला आडनाव विचारलं. दादाचं आडनाव ऐकून त्याला बसू दिलं. शेजारी त्याच मशीनवर काम करणारा त्याचा मित्र बसला होता, त्याला खाली उतरवलं. एवढंच दादानं आईला सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी. मित्राचं पुढं काय झालं हे त्यानं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी कर्फ्यू लागला. आठ दिवस सगळं शहर घरात होतं, तसा तोही होता. मग दोन-दोन तासांची शिथिलता मिळू लागली, लोक पिशव्या घेऊन दूध-भाजीला धावू लागले. कर्फ्यू पूर्ण उठला. तो बाहेर पडला नाही. वडील म्हणाले, "राहू दे चार दिवस." कारखान्यातून एक पत्र आलं, मग दुसरं, मग आलं नाही.

तेच कारण होतं असं मी म्हणत नाही. त्या बसमध्ये आणखी चाळीस माणसं होती, ती कामावर परत गेली. आईच्या मते दृष्ट लागली, काकांच्या मते तो मुळातच घुम्या होता. वडिलांनी शेवटपर्यंत कारण सांगितलं नाही. आम्ही त्याला एका वैद्याकडं, एका महाराजांकडं आणि एकदा डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. तिन्ही वेळा तो खोलीतून निघाला नाही आणि आम्ही फार जोर केला नाही. मागच्या खोलीत कॉट होती, खिडकी होती. आई ताट नेऊन द्यायची. गल्लीतले लोक बंद पडलेली गजराची घड्याळं तिच्या हाती पाठवायचे, तो ती दुरुस्त करून परत पाठवायचा. अशी सहा-सात वर्षं गेली.

मग एका दुपारी त्यानं दळणाचा डबा उचलला. आईची कंबर धरली होती, मी ऑफिसात होतो. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. गिरणी दोन गल्ल्या पलीकडं होती. दुपारी दोनला, सगळी गल्ली झोपलेली असताना, तो डबा खांद्यावर घेऊन गेला आणि पीठ घेऊन परत आला. आईनं ही बातमी मला दारातच, कुजबुजत सांगितली, मोठ्यानं बोललं तर ती खोटी ठरेल असं वाटून. पुढं तो आठवड्यातून दोनदा जायला लागला. शेजारणींनाही कळलं, त्या मुद्दाम आपलं दळण आमच्याकडं आणून ठेवू लागल्या.

गिरणीवाला बिडकीनकडचा. त्याचं घराणं मेंढरं राखणारं. वडील वारल्यावर त्यानं कळप विकून शहरात गिरणी टाकली होती. भुवयांवर, मिशांवर कायम पीठ. एकदा मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी येत होतो तेव्हा दोघं बोलताना दिसले, म्हणून सायकल बाजूला लावून ऐकत उभा राहिलो.

"या इंजिनेर सायेब. आज जवारी का बाजरी?"

"गहू."

"गहू! लई श्रीमंत झाले म्हना की."

"पाहुणे यायचेत. धाकट्याला बघायला."

"धाकट्याला? आन् तुमचं वो?"

दादा म्हणाला, "माझं तुमच्या मेंढरांबरोबरच विकलं गेलं."

गिरणीवाला एवढा हसला की पट्ट्याच्या आवाजातही ते ऐकू आलं. "व्हय! मला सांगायचं तरी. जास्त पैशे लावले असते."

दादाही हसला. सात वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मी सायकल घेऊन दुसऱ्या रस्त्यानं घरी गेलो.

पाहुणे यायचे होते हे खरं होतं. माझं लग्नाचं वय झालं होतं, आणि थोरला अविवाहित घरात बसलेला असताना धाकट्याचं ठरवणं आमच्यात सोपं नसतं. मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "मोठ्यांचं काय राहिलं?" दोन स्थळं त्या एका प्रश्नावर गेली. तिसरं लासूर स्टेशनचं आलं. मुलगी मला आवडली होती. तेव्हा काकांनी तोडगा काढला. "बडोद्याला नोकरीला आहे म्हणा. लांबचं गाव, कोण बघायला जातंय? तिकडंच कुणाशी तरी ठरलंय म्हणा."

वडील उठून आत गेले. आईनं पदर तोंडाला लावला. मुलीकडं द्यायच्या माहितीच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलं, "थोरले बंधू बडोदा येथे खासगी कंपनीत." माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं होतं.

स्थळ जुळलं. मग कळलं की मुलीची मावशी आमच्याच शहरात राहते, गिरणीच्या अगदी समोर. त्या संध्याकाळी मी दादाच्या खोलीत गेलो. तो एका घड्याळाचे काटे बसवत होता.

"दादा, लग्न होईपर्यंत गिरणीवर जाऊ नकोस. मुलीची मावशी तिथंच राहते."

त्यानं वर पाहिलं. "किती दिवस?"

"दोन महिने. जास्त नाही."

"बरं," तो म्हणाला आणि परत घड्याळाकडं वळला.

मी त्याला बडोद्याचं सांगितलं नव्हतं. त्यानं ते ओट्यावरच्या बोलण्यातून ऐकलं असावं, कारण पुढच्या दिवसांत तो खोकतानाही तोंडावर उशी धरायचा, असं आईनं मला सांगितलं. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी गिरणीवाल्यानं मला रस्त्यात गाठलं. "भाऊ दिसंना गेले तुमचे. आजारी हायेत का?"

"नाही, त्याला नोकरी लागली. बडोद्याला."

"काय सांगता!" त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या बाहीला पीठ लागलं. "लई गुनाचा मानूस. चांगलं झालं बगा. चिठ्ठी लिवली तर आमचा रामराम सांगा."

मी सांगतो म्हटलं. सांगितला नाही.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शहराच्या एका भागात गुलाल उधळला गेला, दुसऱ्या भागात दुकानांची शटर अर्धी खाली होती, चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. सासरच्यांना लग्न पुढं ढकलावं की काय अशी शंका आली. ढकललं नाही. लग्न लासूर स्टेशनला झालं. थोरल्या बंधूंना रजा मिळाली नाही असं काकांनी मांडवात सगळ्यांना सांगितलं, आणि आईनं सुनेला एक साडी दिली, "दिरानं बडोद्याहून पाठवलीय" म्हणून.

सहाव्या दिवशी माझी बायको स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "अहो, बडोद्याचा खोकला बराच लांब ऐकू येतो की."

मी सगळं सांगितलं, नव्हे, बरंच सांगितलं. ती दादावर रागावली नाही. त्या दिवसापासून त्याच्या ताटात ती स्वतः वाढू लागली. माझ्यावरचा राग तिनं लपवला नाही. "आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. एकदाच. आता रोज मनात म्हणते." वर्षभरानं आम्ही सिडकोत वेगळं घर केलं.

मला सांगायचं आहे ते यानंतरचं. लग्न झालं, दोन महिने संपले, आणि "आता जा" असं मी दादाला सांगितलं नाही. आधी वाटलं, मावशी अजून तिथंच राहते आणि सासरी अजून माहीत नाही. सासरी कळलं, थोडा आकांत झाला, शांतही झाला. तोपर्यंत गिरणीवाल्याला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न उरला होता. मग मुली झाल्या, बदली झाली, परत आलो. विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. पण आईकडं गेलो की रिकामा डबा दिसायचा आणि मी दुसरीकडं पाहायचो, म्हणजे विसरलो नव्हतो. त्यानं दळणाला जाणं बंद केलं, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. पुन्हा तसंच झालं, एवढंच सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

वडील गेले तेव्हा अग्नी मी दिला. थोरला असताना धाकटा का, असं गुरुजींनी विचारलं, आणि एका चुलतभावानं परस्पर सांगितलं, "तो बडोद्याला असतो, पोचू शकत नाही." ते उत्तर तोपर्यंत आमच्याकडं कुणालाही न अडखळता देता येत होतं.

ताई दर गुरुवारी येऊ लागल्या. पहिले तीन गुरुवार त्या दादाशी बोलल्याच नाहीत, आईपाशी बसून भाजी निवडायच्या आणि जाताना दाराकडं बघून "येते हं" म्हणायच्या. त्यांनी आम्हाला एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या बैठकीला बोलावलं. अशीच माणसं घरात असलेली कुटुंबं तिथं महिन्यातून एकदा जमतात. मी आधी दुसऱ्या एका संस्थेत फोन केला होता. तिथं म्हणाले, आमच्याकडं पस्तिशीपर्यंतच घेतात, साठीच्या माणसाचं आम्ही काय करणार? ताईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आम्हीही आधी तरुणांसाठीच सुरू केलं होतं. विशीतली मुलं, पन्नाशीच्या आया. आता बघा तुम्हीच." मी पाहिलं. त्या लहान मुलांच्या बाकांवर काठ्या टेकून म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "माझा त्रेपन्नचा आहे. मी गेले तर त्याला गॅस पेटवता येत नाही." दुसरी लगेच म्हणाली, "माझ्याला येतो, पण सिलिंडरवाल्याला दार उघडत नाही." दोघी हसल्या. मी आईच्या वतीनं आलो होतो. मला हसता आलं नाही.

आमच्यापुढंही तोच प्रश्न होता. आई फार दिवसांची नाही, हे ती स्वतःच म्हणते. ती गेल्यावर दादा या घरात राहू शकेल की त्याला कुठल्या तरी आश्रमात नेऊन ठेवावं लागेल? ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "घरात राहायचं तर निदान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत त्यांना एकट्यानं जाता आलं पाहिजे. बाकीचं आपण लावून देऊ. एवढं दुसरं कुणी करू शकत नाही."

त्या बैठकीनंतर, त्या स्कूटरवर बसायच्या बेतात असताना, मी त्यांना गिरणीचं सांगितलं. बडोद्याचं, मावशीचं, दोन महिन्यांचं, सगळं. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"म्हणजे ते स्वतःहून जात होते? किती दिवस?"

"पाच महिने."

"एकटे? आणि गिरणीवाल्याशी बोलायचे?"

"चेष्टासुद्धा करायचे."

"अहो, मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" त्या आनंदल्या होत्या. माझ्या अपराधात त्यांना रस नव्हता. "मुदत संपली, हे त्यांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग आधी ते सांगा."

रविवारी दुपारी मी दादाच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो. त्याचे केस पूर्ण पांढरे झालेत. दाढी आई कात्रीनं कापायची, ती पडल्यापासून वाढली होती. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, "दादा, मी तुला दोन महिने गिरणीवर जाऊ नको म्हटलं होतं. नंतर जा म्हणून सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी सांगितलं नाही."

तो खिडकीकडं वळला.

"मी मोजले होते," तो म्हणाला. "दोन झाले. मग वाटलं, वाढवली असेल मुदत. कर्फ्यूत वाढवायचे ना, तशी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, "आता नाही. आता कधीही जा."

"कुठं?"

गिरणी जाऊन तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं, गिरणीवाला कुठं गेला मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "कोपऱ्यापर्यंत. किराणा दुकान आहे."

दुसऱ्या दिवशी मी चपला आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "कितवा नंबर?" माझ्या भावाच्या पायाचा नंबर मला सांगता येईना. माझ्याच मापाच्या घेतल्या. त्याला सैल झाल्या. परत जाऊन बदलून आणल्या.

पुढच्या रविवारपासून आम्ही निघालो. दोन वाजता, जुन्याच वेळेला. पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत, मग पायरीपर्यंत. सहाव्या रविवारी कोपऱ्यावर पोचलो. तो भिंतीच्या बाजूनं चालायचा आणि मोटारसायकल आली की उभा राहायचा. दुकानदार तरुण होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. "क्या चाहिए, चाचा?" असं त्यानं सरळ विचारलं. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि मी साबण मागितला. परतताना तो म्हणाला, "चाचा म्हणाला मला." त्याला ते आवडलं की नाही, कळलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलेना. दर वेळी चपला घालून झाल्या की तो दारात थांबायचा आणि मला विचारायचा, "जाऊ?" मी हो म्हणायचो आणि मग तो पाऊल उचलायचा. मला पोचायला उशीर झाला तर तो चपला घालून तसाच कॉटवर बसलेला असायचा. ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता हो म्हणू नका."

"मग नाही म्हणू?"

"काहीच म्हणू नका. आणि मागं जाऊ नका."

मला ते निर्दय वाटलं. मागच्या रविवारी मी पायरीवर जाऊन बसलो. तो दारात आला.

"जाऊ?"

मी पुढच्या भिंतीकडं पाहत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आतून आई ओरडली, "अरे बहिरा झालास का? विचारतोय तो!" मी बोललो नाही. तो उंबऱ्यात बसला. गल्लीतून एक भंगारवाला हातगाडी ढकलत गेला, त्याच्या मागून शाळेतली दोन मुलं. आईनं माझ्या नावानं बोटं मोडली, मग तीही थांबली. पाऊण तास तरी गेला असेल. तो आत जाईल असं मला वाटलं, आणि गेला तर आश्रमाला फोन करायचा असं मी मनाशी ठरवलंही.

तो उठला. माझ्या शेजारून पायरी उतरला.

"येतो," असं माझ्याकडं न बघता म्हणाला, आणि गेला.

मी मागं गेलो नाही. त्याची पाठ कोपऱ्यावर वळली तेवढी दिसली. दुकान कोपऱ्याच्या अलीकडंच आहे. तो त्यावरून पुढं गेला होता. मला उठून पळत जावंसं वाटलं, आणि मी दोन्ही हात पायरीच्या फरशीवर दाबून धरून बसलो.

अर्ध्या तासानं परत आला. हातात काही नव्हतं, कपाळावर घाम होता. आईनं आतून विचारलं, "कुठं गेला होतास रे?"

"जरा पुढं," तो म्हणाला आणि चपला काढून आत गेला.